डोरोथी नापांगार्डींचे ठिपके वाचायचे कसे?

2025 च्या जुलैमध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये एमिली काम उंग्वारे या ऑस्ट्रेलियन आदिवासी चित्रकर्तीचं मोठं प्रदर्शन सुरू झालं. भिंतभर कॅनव्हास, त्यावर ठिपके, रेघा, पुन्हा ठिपके. असं प्रदर्शन लागलं की प्रश्न ठरलेले असतात. यात नेमकं काढलंय काय? एवढी किंमत कशाची? आपल्या आजीची ठिपक्यांची रांगोळी काय वाईट होती?

यातला शेवटचा प्रश्न खवचट वाटला तरी मला तोच सगळ्यात कामाचा वाटतो, त्यामुळे त्याकडे परत येऊच. एमिलीबाई अनमाटियर समाजाच्या. त्यांच्या पश्चिमेचे शेजारी म्हणजे वॉर्लपिरी. हे चित्रांचं कोडं मला उलगडलं ते डोरोथी नापांगार्डी या वॉर्लपिरी बाईंच्या चित्रांमुळे, म्हणून इथे त्यांचाच हात धरून जाऊ.

आधी नावाचा घोळ

वॉर्लपिरी आणि आपले डहाणू-तलासरीचे वारली यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नावं कानाला जवळची वाटतात, इतकंच. वॉर्लपिरी लोक मध्य ऑस्ट्रेलियाच्या तनामी वाळवंटातले. त्यांची भाषा आज अडीच-तीन हजार माणसं बोलतात. युएन्डुमू हे त्यांचं मोठं गाव ॲलिस स्प्रिंग्जपासून वायव्येला साधारण 290 किलोमीटरवर आहे.

तरी एकदा या दोघांची गाठ पडली होती. 1989 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने जगभरच्या कलावंतांचं एक गाजलेलं प्रदर्शन भरवलं. त्यात आपले जिव्या सोमा मशे होते, आणि युएन्डुमूहून आलेल्या सहा पुरुषांनी तिथल्या जमिनीवर मातीचं भलंमोठं चित्र घातलं होतं. आणखी एक साम्य उलटं आहे. वारलींमध्ये लग्नाचा चौक लिहिण्याचं काम सुवासिनींचं होतं. 1970 च्या दशकात चित्रं कागदावर आली आणि नाव झालं ते पुरुषांचं. मध्य ऑस्ट्रेलियात 1971 साली पापुन्या गावात बोर्डांवर पहिली चित्रं काढली ती पुरुषांनी. बायका कॅनव्हासकडे आल्या दहा-बारा वर्षांनी, आणि मग त्यांनी अख्खं चित्रच बदलून टाकलं.

'नापांगार्डी' हे आडनाव नव्हे

वॉर्लपिरी समाज आठ गटांत विभागलेला आहे. प्रत्येक गटाचं पुरुषांसाठी एक नाव आणि बायकांसाठी एक. पुरुषांचं नाव 'ज'ने सुरू होतं, बायकांचं 'न'ने. जापांगार्डीची सख्खी बहीण नापांगार्डी, जांगालाची बहीण नांगाला. जन्मलेलं मूल कोणत्या गटात जाणार हे आईबापांच्या गटांवरून ठरतं. डोरोथींचे वडील जापानांगका, आई नापुरुर्ला. म्हणून त्या नापांगार्डी. त्यांच्या भावाची मुलं पुन्हा जापानांगका होणार. म्हणजे आजोबांचं नाव नातवाला, हा आपल्याकडचा जुना रिवाज तिथे आपोआपच पाळला जातो.

हे सगळं सांगायचं कारण असं की गट कळला की नातं कळतं, आणि नातं कळलं की कोणती जमीन, कोणतं गाणं, कोणतं चित्र कोणाचं तेही कळतं. गावच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा कोणाचा आणि काठी कोणत्या घराची, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. मान ठरलेला असतो. दुसऱ्याने हौसेने पुढे होऊन चालत नाही.

वॉर्लपिरींकडे मानकरी दोन प्रकारचे. वडिलांकडून हक्क आलेले ते 'किर्डा'. आईकडून नातं आलेले ते 'कुर्डुंगुर्लु'. किर्डांनी विधी करायचा, आणि तो नीट होतोय ना यावर कुर्डुंगुर्लुंनी नजर ठेवायची. डोरोथींची चित्रं ज्या जागेची, त्या जागेच्या त्या किर्डा. त्यांची स्वतःची मुलगी मात्र नांगाला गटातली, त्यामुळे त्याच जागेसाठी ती कुर्डुंगुर्लु. आपल्याकडे लग्नात मामाशिवाय पान हलत नाही, त्यातलाच हा प्रकार.

जुकुर्पा: 'स्वप्न' म्हटलं की गडबड होते

'जुकुर्पा' हा एकच अवघड शब्द आपल्याला शेवटपर्यंत लागणार आहे. इंग्रजीत त्याला 'ड्रीमिंग' म्हणतात, आणि मग वाचणाऱ्याला वाटतं की ही मंडळी झोपेत पडलेली स्वप्नं रंगवतात.

जुकुर्पा म्हणजे तो काळ, जेव्हा पूर्वजांनी चालत, नाचत, खणत, भांडत ही जमीन घडवली. त्यांनी केलेले प्रवासही जुकुर्पा, त्यातून आलेले नियमही जुकुर्पा. आणि तो काळ संपलेला नाही, ही यातली मुख्य गोष्ट. टेकडी, झरा, झाड यांत ते पूर्वज आजही आहेत. पंचवटीत गेलेल्या माणसाला सीतागुंफा दाखवताना कोणी 'पूर्वी इथे असं घडलं म्हणे' एवढ्यावर थांबत नाही. तो वाकतो आणि आत शिरतो. तुलना लंगडी आहे, पण दिशा बरोबर आहे.

प्रत्येक जुकुर्पाला वाट असते. वाटेत ठिकाणं, प्रत्येक ठिकाणाची गाणी, गाण्यासोबतचा नाच आणि अंगावर काढायची नक्षी. वाट शेकडो मैल लांब असू शकते. ती एका कुळाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाते, आणि जिथे हद्द बदलते तिथून पुढचं गाणं दुसऱ्यांचं.

मिना मिना

डोरोथींची जागा मिना मिना. युएन्डुमूपासून पश्चिमेला खूप लांब, लेक मॅकाय या खाऱ्या सरोवराच्या बाजूला. जमिनीत झिरपा, सपाट चिकणमातीचे खळगे, आणि पाणी आटलं की त्यावर उरणारी मिठाची पांढरी खपली.

या जागेची गोष्ट बायकांची आहे. पूर्वज बायका इथे जमल्या होत्या. जमिनीतून एकाएकी खणायच्या काठ्या वर आल्या. या काठ्यांना वॉर्लपिरीत 'कार्लांगु' म्हणतात. कंद, घोरपडी, मुळं उकरायला बायका वापरतात त्या. प्रत्येकीने काठी उचलली आणि सगळ्या मिळून गात-नाचत पूर्वेकडे निघाल्या. जाता जाता त्यांनी जागा घडवल्या, झाडाझुडपांना नावं दिली. त्यांची वाट जान्यिंकी नावाच्या जागेवरून पुढे ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येपर्यंत आणि त्याहीपलीकडे जाते. मिना मिनाला आज वाळवंटी ओक नावाची उंच झाडं उभी आहेत. त्या काठ्या म्हणजेच ही झाडं.

हे ओक प्रत्यक्षात ओक नव्हे. कोकण किनाऱ्यावर वनखात्याने लावलेला सुरू आठवा. त्याच कुळातलं हे झाड. आणि त्या बायकांच्या हातात एक वेल होती, 'ङाल्यिपी'. पाण्याची, कंदांची लाकडी परात खांद्याला अडकवायला तिचे पट्टे करायचे, आणि डोकं दुखलं की तीच कपाळाला आवळून बांधायची. तिचं शास्त्रीय नाव टिनोस्पोरा स्मिलासिना. आपल्याकडे कोविडच्या काळात घरोघरी जिचा काढा उकळला गेला ती गुळवेलही टिनोस्पोराच. ङाल्यिपी तिची वाळवंटातली बहीण. हे कळल्यापासून ती चित्रं मला एकदम घराच्या कुंपणापर्यंत आल्यासारखी वाटतात.

वाटेवरून उठवलेली माणसं

डोरोथींचा जन्म 1950 च्या आसपासचा, उघड्या रानातला. कॅलेंडर कोणी ठेवलेलं नव्हतं, म्हणून नक्की साल नाही. त्यांच्या जन्माआधी वीसेक वर्षं, 1928 मध्ये, कॉनिस्टन भागात पोलिसांच्या तुकडीने वॉर्लपिरी आणि शेजारच्या समाजांतली माणसं गोळ्या घालून मारली. सरकारी आकडा 31. खरा आकडा कितीतरी जास्त असल्याचं त्यांचे वंशज सांगतात. 1946 मध्ये सरकारने युएन्डुमूची वसाहत उभी केली. तिथे पीठ, साखर, चहाचं रेशन मिळायचं, आणि रानातली कुटुंबं आणून तिथे बसवली गेली. लहानगी डोरोथीही अशीच मिना मिनाहून युएन्डुमूला आली. मोठेपणी त्या ॲलिस स्प्रिंग्जला राहू लागल्या.

धरणात गाव गेलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. फरक इतकाच की मिना मिना बुडालेलं नव्हतं. ते होतं तिथेच होतं, फक्त जायला रस्ता आणि गाडी नव्हती.

वाळू, अंग, आणि मग टोयोटा

कॅनव्हासच्या आधी हे सगळं कुठे काढत असत? वाळूत आणि अंगावर. बायका गोष्ट सांगता सांगता बोटांनी वाळूत खुणा करतात, तळहाताने पुसतात, पुढचा प्रसंग काढतात. घोड्याच्या नालासारखी खूण म्हणजे बसलेलं माणूस, कारण मांडी घालून बसलेला माणूस उठला की वाळूत ठसा तसाच उरतो. शेजारी सरळ रेघ असली तर ती काठी, म्हणजे बसलेली बाई. वर्तुळात वर्तुळ म्हणजे पाण्याची किंवा मुक्कामाची जागा. सगळं वरून पाहिलेलं. आणि बायकांच्या 'याउल्यु' नावाच्या विधीत छातीवर, दंडांवर गेरू आणि पांढरी माती चरबीत किंवा तेलात कालवून नक्षी काढायची, आणि काढताना त्या जागेचं गाणं म्हणायचं.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला युएन्डुमूच्या बायकांनी हीच नक्षी ॲक्रिलिक रंगांत छोट्या बोर्डांवर काढून विकायला सुरुवात केली. फ्रांस्वाज द्यूसार या मानववंशशास्त्रज्ञ तेव्हा तिथे काम करत होत्या. पैसे कशाला हवे होते? टोयोटा घ्यायला. वाळवंटात चालणारी चारचाकी हाती आली की लांबच्या पवित्र जागांवर जाऊन विधी करता येणार होते. याच सुमारास गावच्या पुरुषांनी शाळेची तीस दारं रंगवली, आणि 1985 मध्ये वार्लुकुर्लांगु ही गावची कलाकार-संस्था उभी राहिली. पुढे चित्रांचं जे व्हायचं ते झालं, पण सुरुवात गाडीसाठीच्या वर्गणीने झाली हे मला फार आवडतं.

डोरोथी 1987 मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला चित्रं काढू लागल्या. पहिली दहाएक वर्षं रानातली फळं, पानं, फुलं. रंगीत, गोड, विकली जाणारी. 1997 च्या सुमारास त्या मिना मिनाकडे वळल्या आणि रंग गळून पडले.

चित्राजवळ जाऊन

आता रांगोळीचा प्रश्न घेऊ. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपका हा आधार असतो. अकरा ते सहा घालायचे, रेघांनी जोडायचे, आणि रेघ पूर्ण झाली की ठिपका रेघेत किंवा रंगात हरवतो. डोरोथींच्या त्या काळातल्या चित्रांत जोडणारी रेघ नसतेच. काळी जमीन, त्यावर काडीच्या टोकाने टेकवलेले पांढरे बारीक ठिपके, एकापुढे एक, मैलोनमैल. लांबून पाहिलं तर जाळं दिसतं, कोळ्याने विणलेलं. जवळ गेलं की जाळं मोडतं, नुसते कण उरतात. काही ठिकाणी ठिपके दाट, काही ठिकाणी विरळ, आणि नजर तिथून घसरत दुसरीकडे जाते.

मग ते ठिपके म्हणजे काय? मिठाचे कण, हे एक उत्तर. पूर्वेकडे नाचत निघालेल्या बायकांच्या पायांच्या खुणा, हे दुसरं. अंगावरच्या नक्षीच्या रेघा, हे तिसरं. यातलं बरोबर कुठलं, असा पेच वॉर्लपिरी बाईला पडत नाही. ज्या जमिनीवर नाचल्या तिथेच मीठ आहे आणि तीच नक्षी अंगावर. 2001 मध्ये 'सॉल्ट ऑन मिना मिना' या चित्राला ऑस्ट्रेलियातला आदिवासी कलेचा सर्वात मानाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी सिडनीच्या समकालीन कला संग्रहालयात त्यांचं एकटीचं मोठं प्रदर्शन झालं.

मिना मिना काढणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. युएन्डुमूच्या जुडी वॉटसन नापांगार्डी त्याच गटाच्या, त्याच जागेच्या हक्कदार. त्यांची मिना मिना गुलाबी, जांभळी, पिवळी. रंग ओला असताना ओढत नेलेल्या ठिपक्यांची, डोळे दिपवणारी. गोष्ट तीच, वेल तीच, काठ्या त्याच. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर अनोळखी माणसाला ती एकाच जागेची आहेत असं सांगूनही पटणार नाही. 'परंपरेने चालणारी चित्रकार म्हणजे नुसती गिरवणारी' हा समज तिथेच मोडतो. काय काढायचं ते ठरलेलं असतं, कसं काढायचं ते ज्याचं त्याने बघायचं.

"हे तर कोणीही काढेल"

हाताने, हो, काढेल. ज्ञानेश्वरीतली ओवी कोणीही कागदावर उतरवू शकतो, तसं. पण वॉर्लपिरी नियमाने काढायचा हक्क कोणीही घेऊ शकत नाही. डोरोथींनी शेजारच्या कुळाची जुकुर्पा रंगवली असती तर ती चोरी ठरली असती, आणि त्याचा जाब त्यांना गावात द्यावा लागला असता.

इथे सातबारा आठवतो. 1976 मध्ये नॉर्दर्न टेरिटरीसाठी आदिवासी जमीनहक्क कायदा झाला. जमीन परत मागायची तर 'ही आमची' हे सिद्ध करायचं होतं, आणि कागद कोणाकडेच नव्हता. मग सुनावण्यांमध्ये लोकांनी गाणी म्हटली, बायकांनी अंग रंगवून नाच केला; कोणती जागा कोणाची हे त्यातून दाखवलं. पश्चिम ऑस्ट्रेलियात 1997 मध्ये ङुरारा लोकांनी तर आठ बाय दहा मीटरचा कॅनव्हास रंगवला, न्यायाधिकरणापुढे जमिनीवर अंथरला आणि त्यावर काढलेल्या आपापल्या झऱ्यावर उभं राहून साक्ष दिली. 2007 मध्ये त्यांचा हक्क मान्य झाला. तुलना एका जागी तुटते, तेही सांगायला हवं. सातबाऱ्यावर जमीन माणसाच्या नावे असते. मिना मिनाच्या बाबतीत माणूसच जमिनीच्या नावे असतो.

"मग हे पवित्र असेल तर विकतात कसं?"

प्रश्न रास्त आहे आणि तो आधी त्यांनाच पडला होता. 1970 च्या दशकात पापुन्याच्या सुरुवातीच्या बोर्डांवर नको ते उघड झालं म्हणून इतर गटांनी जोरदार आक्षेप घेतले. त्यानंतर काय दाखवायचं आणि काय झाकायचं याची शिस्त बसली. प्रत्येक जुकुर्पाला थर असतात. मुलांना सांगायचा, सगळ्यांना सांगायचा, आणि दीक्षा घेतलेल्यांनाच कळणारा. कॅनव्हासवर येतो तो वरचा थर. डोरोथींचं चित्र विकत घेणाऱ्याला चित्र मिळतं. मिना मिनाचं गाणं त्याला मिळत नाही.

बाजाराचं दुखणं वेगळंच आहे. क्लिफर्ड पॉसम या अनमाटियर चित्रकाराचं 1977 चं एक चित्र तेव्हा 1,200 डॉलरला गेलं होतं. 2007 च्या लिलावात त्याला 24 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले, आणि चित्रकाराच्या घरच्यांना कायद्याने त्यातलं काहीच देणं लागत नव्हतं. अशा प्रकारांमुळे ऑस्ट्रेलियात 2009 मध्ये कायदा झाला: चित्र हजार डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर पाच टक्के कलाकाराला किंवा वारसांना. जून 2010 पासून तो लागू आहे. (आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही, कलम 53अ मध्ये, अशी तरतूद आहे. किती जणांना माहीत आहे हे विचारू नका.)

दुसरं दुखणं नकलेचं. 1990 च्या दशकात काही आदिवासी चित्रकारांची नक्षी, न विचारता, व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर उतरवली गेली. 1994 मध्ये न्यायालयाने कलाकारांच्या बाजूने सुमारे 1 लाख 88 हजार डॉलरची भरपाई दिली. पवित्र नक्षी पायाखाली आली याचा मनस्तापही भरपाईत धरला गेला. सिडनी-मेलबर्नला मुलांकडे जाऊन आलेली मंडळी ठिपक्यांचे फ्रिज मॅग्नेट आणि बूमरँग घेऊन येतात. पुढच्या वेळी मागे उलटून कलाकाराचं नाव आणि गाव लिहिलंय का तेवढं पाहा. नसेल तर ती वस्तू कुठल्या तरी कारखान्यातली असण्याचीच शक्यता जास्त.

शेवटी एक अडचण

डोरोथी नापांगार्डी 1 जून 2013 रोजी मोटार अपघातात गेल्या. वॉर्लपिरी रिवाजाने गेलेल्या माणसाचं नाव काही काळ, कधी कधी वर्षानुवर्षं, उच्चारत नाहीत. त्याच नावाचं दुसरं कोणी गावात असेल तर त्यालाही तेवढ्या काळापुरतं 'कुमानजायी', म्हणजे नाव न घ्यायचा माणूस, असं म्हणतात. संग्रहालयांना पाटीवर नाव तर लिहावंच लागतं. म्हणून ऑस्ट्रेलियात अशा प्रदर्शनांच्या दाराशी बऱ्याचदा सूचना लावलेली असते, की आत मृत व्यक्तींची नावं आणि छायाचित्रं आहेत.

पाटीचा प्रश्न असा सुटतो, चित्राचा सुटत नाही. ही चित्रं जमिनीवर पसरून, भोवती बसून, जागा बदलत काढली जातात. त्यांना वरची बाजू नसते. भिंतीवर टांगताना मात्र कुठली तरी एक बाजू वर करावीच लागते.